जेड घ्यायचंय, पण त्यातलं कोणतं?

नर्सरीत ‘जेड द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडतं ते पोर्तुलाकारिया आफ्रा. खरं जेड म्हणजे क्रासुला ओवाटा. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली, दोन्हींची पानं जाड, गुळगुळीत आणि समोरासमोर, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पुण्यात माझ्या गॅलरीत दोन्ही वाढवली आहेत. एकच कुंडी ठेवायला जागा असेल तर कोणतं घ्यावं, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

ओळखायचं तर आधी फांदी बघा. पोर्तुलाकारियाची कोवळी फांदी तांबूस आणि बारीक असते, वाकवली तर बऱ्यापैकी वाकते. पान जेमतेम १-२ सें.मी.चं. क्रासुलाची फांदी जाड, हिरवी, पाण्याने भरलेली. वाकवायला गेलात तर कटकन मोडते. पान ३ सें.मी.पासून ९ सें.मी.पर्यंत वाढतं आणि भरपूर ऊन मिळालं की त्याची कड लालसर होते.

दिसण्यात क्रासुला सरस, यात वाद नको. हिवाळ्यातल्या उन्हात त्या पानांवर जी तकाकी येते ती पोर्तुलाकारियाला येत नाही. जुन्या झाडाला थंडीत पांढरट-गुलाबी, चांदणीसारखी फुलंही येतात. शिवाय गळून पडलेलं नुसतं पान मातीवर राहिलं तरी त्याला मुळं फुटतात. पोर्तुलाकारियाचं पानावरून रोप करण्याच्या भानगडीत पडू नये, फांदीच लावावी.

माती, कुंडीची भोकं, पाण्याचा हात आखडता ठेवणं हे दोघांनाही सारखंच, आणि ते तुम्हाला माहीत असणार. पिठ्या ढेकूणही दोघांना सारखाच छळतो.

माझ्यापुरता निकाल लावला तो पावसाने. क्रासुलाची कुंडी जूनमध्ये आत घ्यावी लागते. आत उजेड कमी, मग फांद्या लांबुळक्या होऊन खिडकीकडे झुकतात. म्हणून चार दिवस उघडीप दिसली की बाहेर काढायची, आणि नेमकी तेव्हाच झड लागते. धक्का लागला तरी पानं टपटप गळतात. त्याचं एवढं नाही, पण बुंधा मातीलगत मऊ पडतो आणि वरून झाड हिरवंगार दिसत असतं. आपल्या लक्षात येईपर्यंत आतून सगळं कुजलेलं असतं. मग वरच्या धडक्या फांद्या कापून, सुकवून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शोभेसाठी आणलेल्या झाडाची चार महिने अशी उचलठेव करणं मला तरी जमत नाही. पाहुणे यायचे असले की ती कुंडी हॉलमधून आणखी कुठेतरी सरकवायची, ते वेगळंच.

पोर्तुलाकारिया कठड्यालगतच राहतं. झडीत तेही रुसतं, थोडी पानं पिवळी होऊन गळतात, पण पाऊस ओसरला की सांध्यासांध्यातून फुटवे येतात. या झाडाची एक गंमत आहे. पाणी असेल तेव्हा ते साध्या झाडांसारखं दिवसा कर्बवायू घेतं आणि कोरडं पडलं की निवडुंगासारखं रात्री घ्यायला लागतं. छाटणीलाही घाबरायला नको. आफ्रिकेत अड्डोच्या जंगलात हत्ती ते वरून ओरबाडून खातात, आणि खाली पडलेल्या फांद्या तिथेच रुजतात. आपली कात्री त्यापुढे काहीच नाही. म्हणूनच बोन्सायवाल्यांचं ते आवडतं.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर फार विचार करायलाच नको, कारण क्रासुलाची पानं त्यांना बाधतात. पोर्तुलाकारियाचं पान आंबटसर असतं आणि त्याचा तसा त्रास नाही.

तुमच्या गावी पाऊस बेताचा असेल, किंवा छप्पर असलेली आणि तरी भरपूर उजेडाची जागा असेल, तर कदाचित तुमचं मत माझ्या उलट होईल. क्रासुलाच घ्यायचं ठरलं तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या, म्हणजे रुजायला अख्खा हिवाळा मिळतो. नर्सरीत पानांच्या तकाकीवर जाऊ नका. मातीलगतचा बुंधा बोटाने दाबून बघा, आणि जरा जरी मऊ लागला तर पुढची कुंडी उचला.