जुनी अबार्थ पुंटो गोव्यात: वर्षभर चालवल्यानंतर, स्टिअरिंगचा पाइप फुटल्यानंतर

"स्टिअरिंगचा रॅक पूर्ण बदलावा लागेल," (रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) असं सांगून एका गॅरेजने मला जो आकडा दिला, त्यात चांगल्यापैकी सेकंड हँड स्कूटर आली असती. काम शेवटी दोन हजारांच्या आत झालं. त्या रागातून आणि त्या आनंदातून हे लिहायला बसलोय. गाडी घेऊन वर्ष होत आलं. "एवढी जुनी इटालियन गाडी घेऊन समाधान मिळतं का?" हा प्रश्न मला पेट्रोल पंपापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे विचारला जातो.

गाडीची कुंडली थोडक्यात. ही म्हणजे फियाट पुंटोची वेगवान आवृत्ती, फियाटच्याच अबार्थ या नावाखाली विकलेली. १३६८ सीसीचं टी-जेट पेट्रोल इंजिन, त्यात जास्त हवा कोंबणारा टर्बो, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा किंमत ९.९५ लाख, एक्स-शोरूम दिल्ली. बनली आपल्या रांजणगावात. त्याच वर्षी खरी आयात केलेली अबार्थ ५९५ कॉम्पेटिझिओनेही आली होती, पण ती जवळजवळ तीस लाखांची. बाहेरदेशातून जुनी अल्फा रोमिओ किंवा तत्सम काही आणण्याचं स्वप्न कुणी बघत असेल, तर व्हिंटेज गाड्या सोडल्या तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करायला आपल्याकडे मनाई आहे. म्हणजे पगारदार माणसाला परवडेल अशी, टर्बोवाली, विंचवाचं चिन्ह मिरवणारी इटालियन गाडी हवी असेल तर जवळजवळ ही एकच. तो विंचू म्हणजे कार्लो अबार्थची रास, वृश्चिक. १९४९ साली त्याने कंपनी काढली, १९७१मध्ये ती फियाटकडे गेली. रांजणगावच्या गाडीवरचा विंचू त्याच घरचा, हे मला अजूनही आवडतं.

मी ती पुण्यातून आणली, पाच लाखांच्या थोडं आत. एनओसी, गोव्याचा रोड टॅक्स आणि नवा नंबर यात वेळ जातो, पैसे वेगळे जातात. सौदा करताना ते आधीच किमतीत धरा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत माझं मत स्पष्ट होतं: या इंजिनाला गोव्यात काम नाही. रोजचा रस्ता फोंडा ते पणजी. फर्मागुढीला चढायचं, म्हार्दोळ-मंगेशीला देवळांची गर्दी, पुढे कुंडईचे ट्रक, बाणस्तारी, ओल्ड गोवा. मध्येच काळ्या पाटीची भाड्याची गाडी घेतलेले पर्यटक मॅप बघत अचानक ब्रेक मारतात. इथे साठच्या वर काटा जात नाही. टर्बो साधारण दोन हजार आरपीएमच्या वर जागा होतो. त्याखाली गाडी सुस्त, क्लच जड, आणि डाव्या पायाला टेकायला जागाच नाही. पुंटो चालवलेल्या कुणालाही हे विचारा. मायलेज दहा-अकराचं. पेट्रोलचं बिल बघून बायकोने विचारलं, "हे पैसे नेमके कशाचे जातात?" तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

उत्तर पावसाळ्यात मिळालं. ते इंजिनात नव्हतं, स्टिअरिंगमध्ये होतं.

या गाडीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर स्टिअरिंगला मदत करते. ते हलकं असतं, पेट्रोल वाचवतं, देखभाल जवळजवळ शून्य, म्हणून सगळ्या कंपन्या तिकडे गेल्या. हायड्रॉलिकमध्ये इंजिनाच्या बेल्टवर एक पंप फिरतो, तेलाला दाब देतो आणि ते तेल रॅकला ढकलतं. इंजिनाची थोडी ताकद सतत त्यात खर्च होते. पण चाकाखाली काय चाललंय ते हातापर्यंत येतं. फर्मागुढीच्या उतारावर पहिल्या पावसात डोंगराची लाल माती वाहून रस्त्यावर पातळ थर बसतो. डोळ्यांना तो ओला रस्ताच दिसतो. या गाडीत पुढचं चाक त्या थरावर गेलं की स्टिअरिंग बोटभर हलकं होतं आणि चांगल्या डांबरावर आलं की पुन्हा भरतं. माझ्या आधीच्या गाडीत, जी नवी होती आणि सगळ्या सोयींनी भरलेली होती, तिथे यातलं काहीही कळत नव्हतं. टायर घसरल्यावरच कळायचं.

त्यानंतर माझं चालवणंच बदललं. पन्नासच्या वेगात एक वळण नीट घेतलं तरी मन भरतं. मुद्दाम आतल्या रस्त्याने जातो. माशेलहून आमोण्याचा पूल ओलांडून मये, तिथून चोडण. वेग मिळत नाही म्हणून जी गाडी गोव्यात वाया जाते असं मला वाटत होतं, ती या वळणावळणांच्या अरुंद रस्त्यांसाठीच केल्यासारखी वाटू लागली. म्हणून कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तुम्हाला हवं काय आहे? मोपा विमानतळाच्या नव्या रस्त्यावर किंवा झुवारीच्या नव्या पुलावर कुणाला मागे टाकायचं असेल, तर आजची कुठलीही टर्बो गाडी घ्या, वॉरंटीसकट मिळेल. शून्य ते शंभर ८.८ सेकंद हा कंपनीचा आकडा २०१५ साली मोठा होता, आता तेवढा राहिलेला नाही. स्टिअरिंग मात्र आजही तसं मिळत नाही.

आता उंचीचं. जमिनीपासून अंतर १५५ मिलीमीटर. साध्या पुंटोपेक्षा बरंच कमी. गावातले स्पीडब्रेकर तिरके घेतले की चालतात. खरा त्रास फेरीबोटीचा. सासरवाडी चोडणला, म्हणजे रायबंदरची फेरी. भरती असते तेव्हा काहीच अडचण नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात असा कोन होतो की पुढचा बंपर आधी टेकतो. तेव्हा भरती-ओहोटीची वेळ बघून निघायचं, नाहीतर मयेमार्गे फिरून जायचं. सासूबाई पुढच्या सीटवर, कारण मागे गुडघ्यांना जागा कमी आणि सस्पेन्शन कडक. "मागे बसून माझी कंबर गेली" हे त्यांनी पहिल्याच खेपेला सांगून टाकलं. त्यात त्यांची काही चूक नाही, हळू वेगात गाडी खरोखर आपटते. कुटुंबाची एकुलती एक गाडी म्हणून ही घेऊ नका.

पाइप फुटला तो बेळगावहून परत येताना, चोर्ला घाटात, केरीच्या बाजूचा उतार संपत आला असताना. आधी घूं-घूं असा आवाज, मग स्टिअरिंग एकदम दगड. सुटत नाही, वळतं, पण दोन्ही हातांची पूर्ण ताकद लागते. हायड्रॉलिक असो की इलेक्ट्रिक, एवढं बरं असतं: मदत गेली तरी चाकं आणि स्टिअरिंग यांचा सांधा तसाच राहतो. खाली बघितलं तर लाल तेल टपटपत होतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: तेल संपल्यावर इंजिन चालू ठेवलं तर पंप कोरडा फिरून जातो आणि मग खर्च खरोखर वाढतो. मी इंजिन बंद केलं आणि गाडी उचलून फोंड्याला आणली.

गॅरेजने वर करून दोन मिनिटं बघितलं आणि रॅक सांगितला. रॅक मिळायला किती दिवस, तर "मागवावा लागेल." फियाटने २०१९च्या सुमारास भारतातली विक्री थांबवली, बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम येण्याआधीच, तेव्हापासून "मागवावा लागेल" हे वाक्य प्रत्येक मालकाने ऐकलेलं आहे. मी विचारलं, रॅकच गेलाय हे कशावरून? उत्तर आलं, "या गाड्यांचं असंच असतं." असल्या उत्तराला मी पैसे देत नाही. गाडी बाहेर काढली.

कुर्टीला एक वयस्क मेस्त्री आहेत, फियाटच्याच लिनिया आणि पालियो या गाड्यांवर त्यांचा हात बसलेला. त्यांनी आधी रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी बूटं दाबून बघितली. रॅकचं सील गेलं असतं तर तेल त्या बूटांत साठलं असतं. दोन्ही कोरडी. मग पंपाकडून येणारा जाड दाबाचा पाइप पुसून, नवं तेल घालून, माझ्याकडून स्टिअरिंग फिरवून घेतलं. जिथे रबर धातूच्या टोकात दाबून बसवलेलं असतं, तिथून बारीक चिळकांडी उडाली. दहा वर्षं टर्बोच्या उष्णतेत भाजलेलं रबर, दुसरं काही नाही. "बाब, पाइप नवा मिळचो ना, पण करून मिळतलो," म्हणाले. म्हणजे नवा मिळणार नाही, पण करून मिळेल.

आणि करून मिळाला, डिचोलीत. खाणींच्या काळात पोकलेन आणि लोडरचे हायड्रॉलिक पाइप करणारी दुकानं या पट्ट्यात आहेत. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८मध्ये पुन्हा, पण जेसीबी आणि ट्रॉलरच्या कामावर काही टिकली. आमच्या पाइपची दोन्ही टोकं कापून घेतली, त्यांना नवं रबर मशीनवर दाबून बसवलं. तेलाला आणि उष्णतेला चालेल असंच रबर मागा, साधं पाण्याचं नको. पोकलेनच्या पाइपला यापेक्षा कितीतरी जास्त दाब सोसायचा असतो, त्यामुळे ताकदीची काळजी उरत नाही. तासाभरात काम झालं. तेल भरलं, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून हवा काढली. त्यानंतर अनमोडला जाऊन आलोय, थेंबभरही गळती नाही.

या प्रकरणाआधी माझं मत होतं की सुट्या भागांच्या भीतीने ही गाडी दोन-तीन वर्षांत विकावी. आता तसं वाटत नाही. इंजिनाचे बरेच भाग लिनिया टी-जेटशी जुळतात, आणि जे मिळत नाही ते करून देणारे हात इथे आहेत. फक्त गॅरेजच्या पहिल्या निदानावर सही करायची नाही.

बघायला जाणार असाल तर इतकं करा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा, कधी बदलला याची पावती मागा. काही इंजिनांत या कामाला चेन असते, इथे बेल्ट आहे, आणि किलोमीटर कमी असले तरी वयाने तो जातो. पावती नसेल तर वॉटर पंपासकट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. मी तेच केलं. गाडी समुद्राकाठी, मिरामार-कळंगुटच्या बाजूला उभी राहिलेली असेल तर खाली टॉर्च घेऊन झोपा आणि सस्पेन्शनच्या सांध्यांवर गंज बघा. थंड इंजिन चालू करून उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा: आवाज येता कामा नये, जडपणा सगळीकडे सारखा हवा. रॅकची बूटं दाबा. दाबाच्या पाइपचं टोक कोरड्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं गाडी चालवून या आणि तेच फडकं पुन्हा फिरवा. ओलं निघालं तरी गाडी सोडू नका, मालकाला दाखवा आणि किंमत पाडून घ्या. डिचोलीचं दुकान कोणालाही विचारा, सापडेल.