स्टेज कीबोर्ड निवडताना: सॅम्पल इंजिन की व्हर्च्युअल अ‍ॅनालॉग?
पियानो आणि ऑर्गन आता बहुतेक स्टेज कीबोर्डमध्ये चांगलेच वाजतात. घोडं अडतं ते सिंथ (इलेक्ट्रॉनिक साउंड घडवणाऱ्या) विभागापाशी. माझंही तिथेच अडलं होतं.

माझा आधीचा कीबोर्ड निव्वळ सॅम्पलवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर चालणारा. स्ट्रिंग्ज, ब्रास, कॉयर यांच्या बाबतीत त्याच्याविषयी आजही तक्रार नाही. खऱ्या वाद्याच्या रेकॉर्डिंगची सर ऑसिलेटरला (ध्वनिलहर तयार करणाऱ्या भागाला) येत नाही. तुमची बरीचशी गाणी अशा साउंडवर उभी असतील तर सॅम्पल इंजिनच घ्या.

मला खटकलं ते एका पॅडपाशी, म्हणजे मागे पसरून राहणाऱ्या लांब, मऊ साउंडपाशी. गाण्याच्या सुरुवातीला डाव्या हाताने कॉर्ड धरायची आणि उजव्या हाताने कटऑफ (फिल्टर किती उजळ आवाज जाऊ देतो ती मर्यादा) हळूहळू उघडत न्यायचा, एवढंच काम. सूर धुक्यातून वर यावा तसा यायला हवा होता. तो पायऱ्या चढत यायचा. रेझोनन्स, म्हणजे कटऑफपाशी येणारा ठसठशीतपणा, वाढवला की प्रत्येक पायरीवर बारीकशी खरखर. नॉबचा आकडा ० ते १२७ अशा टप्प्यांनी सरकतो आणि इंजिनाने मधल्या जागा भरल्या नाहीत की हे ऐकू येतं. अख्खा बँड वाजत असताना कुणाला कळलंही नसतं, पण तिथे मी एकटाच वाजवत असायचो. रेझोनन्स उतरवला, वर कोरस हा आवाज दाट करणारा इफेक्ट टाकला. शेवटी नॉब सोडून लांब अ‍ॅटॅकचा एन्व्हलप लावला, म्हणजे फिल्टर आपोआप सावकाश उघडेल असं केलं. मग गायिका जरा जास्त थांबली की फिल्टर तिच्याआधीच उघडून मोकळा. हाताने उघडायची गोष्ट हातातच हवी.

व्हर्च्युअल अ‍ॅनालॉगमध्ये ध्वनिलहर त्या क्षणी गणिताने घडते. १९९५च्या नॉर्ड लीड या सिंथपासून ही पद्धत रुळली. २०२३च्या नॉर्ड स्टेज ४मध्ये एकट्या सिंथ विभागाला ४६ व्हॉइस (एकाच वेळी वाजू शकणारे सूर) आहेत आणि सॅम्पलही त्याच विभागात, त्याच फिल्टरमधून वाजवता येतात. तोच पॅड तिथे बांधून कटऑफ उघडला, तर निदान माझ्या कानांना कुठे सांधा सापडला नाही. पुन्हा पुन्हा उघडून पाहिला, तेवढ्यावर माझं ठरलं.

यामाहाचा माँटाज एम हाही २०२३चाच. त्यात सॅम्पल, एफएम (एका लहरीने दुसरी लहर बदलून साउंड घडवण्याची पद्धत) आणि एएन-एक्स हे अ‍ॅनालॉग धाटणीचं इंजिन, तिन्ही एकत्र आहेत. खोलवर साउंड बांधत बसणाऱ्याला तो कदाचित जास्त मानवेल. मात्र एएन-एक्सला व्हॉइस १६च. लीडला (मुख्य सुरावटीला) किंवा बेसला भरपूर. पण सस्टेन पेडल दाबून चार-चार सुरांच्या कॉर्ड बदलत गेलात तर चौथ्या कॉर्डलाच कोटा संपतो. लांब रिलीजचे (की सोडल्यावरही रेंगाळणारे) पॅड वाजवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

एफएमबद्दल थोडंच. यामाहाच्या १९८३च्या डीएक्स७ या सिंथपासून घंटेसारखे आणि इलेक्ट्रिक पियानोचे साउंड ही त्याची जागा, आणि बोटांच्या जोराला ते देतं तसं उत्तर मला सॅम्पलमध्ये क्वचितच मिळालं. चालू गाण्यात एका नॉबने त्याला वळण लावणं मात्र मला जमलेलं नाही.

दुकानात गेलात की तयार साउंड बाजूला ठेवा. साधी सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर) घ्या, इफेक्ट बंद करा, रेझोनन्स निम्म्याच्या वर न्या. खालच्या सप्तकात कॉर्ड धरून कटऑफ जितका सावकाश फिरवता येईल तितका फिरवा. शक्यतो हेडफोनवर.