चिपळूणची गाडी आणि माझे 4,10,000 रुपये

टोकन 10,000. आरटीजीएस 3,15,000. रोख 85,000. एकूण 4,10,000 रुपये, आणि त्यातल्या रोखीची पावती नाही. हो, घ्यायला हवी होती. हे घरात दोन वर्षं रोज ऐकतोय, आता तुम्ही परत ऐकवू नका.

2022 चा दसरा, 5 ऑक्टोबर. आमच्या घरातली पहिली गाडी. वडिलांचे गुडघे गेलेले, स्कूटरवर बसवत नव्हतं. नवीन गाडी बजेटच्या बाहेर, म्हणून सेकंड हँड बघत होतो. पुण्यातला एक डीलर. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलानं तोंड बंद ठेवायला सांगितलंय. 2018 ची पेट्रोल हॅचबॅक, पांढरी, मीटरवर 31,200 किलोमीटर. जाहिरातीत लिहिलेलं, 'नॉन ॲक्सिडेंट, सिंगल ओनर, शोरूम मेंटेन'. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला नाही. तुम्ही काढा, तारखेसकट. सौदा झाला त्या रात्रीच जाहिरात गायब झाली.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करत नाही तो सांगतो. आरसी हातात दिली तेव्हा मी पत्ता वाचला. मोठ्यानं वाचला. चिपळूण. नंबर एमएच 08, म्हणजे रत्नागिरी. आणि मी काय म्हणालो? "अरे वा, चिपळूण! परशुरामाच्या देवळात जाऊन आलोय आम्ही." डीलरकडचा पोरगा हसला. म्हणाला, "मालक पुण्यात शिफ्ट झालेत दादा, गाडी तेव्हापासून इकडंच."

जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं. आमच्या सोसायटीनं ब्लँकेटं आणि पाण्याच्या बाटल्या पाठवल्या, त्यातली नऊ खोकी मी स्वतः टेम्पोत चढवली होती. सव्वा वर्ष झालं होतं फक्त. तरी डोक्यात ट्यूब पेटली नाही.

आईच्या पेटली होती. मागच्या सीटवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "कुबट वास येतोय रे, ओल्या गोणपाटासारखा." डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाच्या दोन डब्या चिकटवलेल्या. एका गाडीत दोन कशाला, हेही विचारलं नाही. "बरेच दिवस बंद होती ना काकू, चार दिवस उन्हात लावा," तो म्हणाला. आई गप्प बसली, कारण मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं म्हणे. ते गिऱ्हाईक कधीच नसतं, हे मलाही माहीत होतं. पण दसऱ्याचा मुहूर्त, पतसंस्थेचं अडीच लाखांचं कर्ज मंजूर, वडील कपडे करून तयार. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

ओळखीचा मेकॅनिक 1,500 रुपये घेऊन गाडी तपासून देणार होता. त्या दिवशी तो गावाला गेलेला. दोन दिवस थांबलो असतो तर.

पहिला पावसाळा आला तशी खिडकीची काच मध्येच अडकायला लागली. मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. इलेक्ट्रिशियननं दोन खेपांत 14,600 घेतले. जुलैमध्ये खंबाटकी घाटात गाडी बंद पडली, वडील आत, बाहेर धो धो पाऊस. टोचन लावून आणली, 4,200.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं ड्रायव्हरच्या पायाखालचं कारपेट उचललं आणि मलाच हात घालून बघायला सांगितलं. खाली वाळलेला गाळ, बोटाला पिठासारखा लागणारा. सीटचे रूळ गंजलेले. मग त्यानं सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, शेवटपर्यंत. एरवी आत गुंडाळलेला असतो त्या भागावर तपकिरी रेघ होती, जिथवर पाणी उभं होतं तिथवर. दोन सेकंदांचं काम! गाडी बघायला जाल तेव्हा बाकी काही करू नका, पण पट्टा ओढा.

गाडीचा नंबर टाकल्यावर त्यांच्या रेकॉर्डला शेवटची नोंद निघाली, जुलै 2021, टो करून आणली, पाणी डॅशबोर्डपर्यंत, टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी गाडी. विमा कंपनीनं मूळ मालकाला पैसे दिले, भंगार लिलावात गेलं, आणि धुऊनपुसून माझ्या दारात आलं. हे रेकॉर्ड पैसे देण्याआधी मागता येतं, कोणी सांगितलं नव्हतं. वायरिंग आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, यांचं एस्टिमेट 1,12,400. मूळ मालकाला फोन लावला. बिचारा भला माणूस. "ती अजून चालते?" एवढंच म्हणाला.

डीलरनं पावतीचा कागद पुढं सरकवला. खाली बारीक अक्षरात, 'गाडी पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेतली आहे.' सही माझीच.

मग पोलीस. पहिल्या चौकीत सांगितलं, दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसरीकडे साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, अर्ज वाचला आणि म्हणाले, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." मी म्हणालो, साहेब, त्यानं पुरातली गाडी लपवून विकली, ही फसवणूक नाही का? तर म्हणाले, "तुम्ही शिकलेले ना? बघून घ्यायची." अकरा हेलपाटे, तीन अर्ज, हातात एक पोचपावती, तीही शिक्का पुसट. आरटीओत खिडकी क्रमांक चार म्हणाली कागद क्लिअर आहेत, सातला विचारा. सात जेवायला गेलेली. सात आली, म्हणाली चारला विचारा. कागद क्लिअर आहेत हेच तर माझं दुखणं आहे, बाई! टोटल लॉस झालेली गाडी माझ्या नावावर सुरळीत चढते आणि कुणाच्याच स्क्रीनवर काही दिसत नाही? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, ती 'कंपनीचा प्रतिसाद नाही' म्हणून बंद झाल्याचा मेसेज आला. बंद केली म्हणजे सुटली वाटतं यांना.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे ध्यानात ठेवा. पण तिथं 85,000 रोखीचा विषय निघाला की माझा वकीलही छताकडे बघतो. "इन्शुरन्स, ट्रान्सफर, एजंट, सगळं ह्यात धरलंय दादा, रोख दिलंत तर सोपं पडेल," असं म्हणून घेतलेली रक्कम. कुणी 'सोपं पडेल' म्हणालं की उठून चालू लागा. आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते भिंतीवर लावलंय का बघा. माझ्या वेळी हा नियम नव्हता, माझं नशीब.

आरसीवरच्या मालकाशी फोनवर बोलल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. माझा एक फोन वाचला आणि चार लाख गेले.

पतसंस्थेचा हप्ता 6,707 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला कापला जातो. गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे. वडील रिक्षानं जातात. आयोगातली पुढची तारीख पडलीय, डीलरच्या वकिलानं गेल्या वेळी वकालतनामा दाखल करायला मुदत मागितली होती. ती मिळाली.