नवी पेठेतले पडदे, ५.१० चा घोळ आणि आईची चादर

जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाली तरी आमच्या बेडरूमच्या खिडकीला दोन खिळ्यांवर सोलापुरी चादरच होती, आई म्हणायची जाड आहे की चांगली, कशाला खर्च. खिडकी पश्चिमेची, पारा ४२-४३ ला गेला की चारनंतर त्या खोलीत भाकरी भाजून निघेल. पण पाहुणे आले की लाज वाटायची, म्हणून यंदा नवी पेठेत जाऊन हॉलला पडदे आणि बेडरूमला रोलर ब्लाइंड (साखळी ओढून वर गुंडाळायचा सपाट पडदा) अशी ऑर्डर दिली. दुकानाचं नाव टाकत नाही, पुढं वाचा, कळेल.

आधी चांगलं सांगते. शिवणारे मास्तर एक नंबर माणूस. स्वतः घरी आले, मी शिलाईची टेप पुढं केली तर हातात पण घेतली नाही, म्हणे ताई ही वापरून वापरून ताणते, पत्र्याची द्या. हॉलची खिडकी ७० इंच, मला वाटलं पडदा पण ७० इंच! ते म्हणाले रॉड दोन्हीकडं आठ-आठ इंच बाहेर घ्यायचा, म्हणजे पडदा सारला की भिंतीवर जाऊन बसतो, काच मोकळी राहते, वारा येतो. झाला रॉड ८६ इंच. आणि कापड त्याच्या दुप्पट तरी पाहिजे, नाहीतर चुण्याच पडत नाहीत, चादर वाळत घातल्यासारखं दिसतं (इथं आईनं माझ्याकडं बघितलं). कापडाचा पन्हा (रुंदी) ४८ इंच, कडेच्या शिलाईत तीनेक इंच जातात, म्हणून चार पडदे. मी तीनमध्ये भागवा म्हणून मागं लागले होते, बरं झालं ऐकलं नाही. रिंगा एका पडद्याला आठ, समच पाहिजेत म्हणे, विषम झाल्या तर एक कड भिंतीकडं वळते आणि दुसरी खोलीत तोंड करून उभी राहते. सुती कापड होतं म्हणून शिवायच्या आधी भिजवून घेतलं, वर खाली चार इंचाची दुमड ठेवली, आटलं तर उसवून सोडता येईल. लांबी फरशीपासून इंचभर वर, फरशी पुसताना भिजत नाही. पाणी रोज न येणाऱ्या गावात पडदे सारखे धुणार कोण.

आता ब्लाइंड. त्याचं माप घ्यायला मास्तर नाही, दुकानातला पोरगा आला, वरच्या बाजूला एकदाच टेप धरली, वहीत ५.१० लिहिलं आणि गेला. म्हणजे पाच फूट दहा इंच. ब्लाइंड बाहेरून बनून येतो, तिथं कुणीतरी ५.१० ला बारानं गुणलं, आलं ६१.२. वीस दिवसांनी ब्लाइंड आला तो जवळजवळ नऊ इंच कमी!! दुकानात विचारलं तर मालक म्हणाले पोराची चूक, पोरगा म्हणतो मी बरोबरच लिहिलंय, आणि खरं सांगू का, बरोबरच लिहिलं होतं त्यानं. मालकांनी जास्त वाद न घालता आणि वर पैसे न घेता दुसरा मागवला हे मानलं पाहिजे, पण अजून अठरा दिवस, ते पण ऐन मे महिन्यात. चादर परत खिळ्यांवर.

दुसऱ्या वेळी मापं मीच घेतली. वर ७०, मधे पावणेसत्तर, खाली साडेएकोणसत्तर, प्लास्टर कुठं सरळ असतंय. चौकटीच्या आत बसवायचा असेल तर सगळ्यात कमी माप धरायचं, आणि इंचातच लिहायचं, फूट मधे आणायचाच नाही. हे माप चौकटीचं आहे की कापडाचं हे पण कागदावर लिहून द्या, कारण ब्रॅकेट आणि साखळीच्या जागेमुळं कापड इंच-दीड इंच कमीच येतं. आमच्याकडं त्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येते ती साडेचारला बरोबर नवऱ्याच्या उशीवर, त्याची रविवारची झोप गेली. परत घेतला तर मी आत नाही, बाहेर भिंतीवर लावेन, दोन्हीकडं तीन-तीन इंच जास्तीचा.

पडद्यांना पाचपैकी पाच, ब्लाइंडला अडीच. कापड बघायला उजेडाचं जा आणि थान दारात आणून बघा, ट्यूबलाइटखाली मोतिया म्हणून घेतलेला रंग आमच्या हॉलमध्ये हळदीसारखा दिसतोय. आणि ड्रिल मारून फिटिंग करायचे पैसे बिलात नसतात, आधीच विचारा, आमच्याकडून खिडकीमागं दीडशे घेतले.