जुन्या रायफलीची पारख : बेळगावच्या कॅम्पातील एका परवानाधारक कारागिराचे काम

खानापूरच्या आमच्या घरातील पणजोबांची परवान्यावरील बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या ब्रिटिश कंपनीची) शिकारी रायफल मी पारखीसाठी कॅम्पातील या बंदूक-कारागिराकडे नेली. नळीवर मुकुटाखाली असलेली बीव्ही, बीपी आणि एनपी ही अक्षरे म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुकांच्या नळ्यांची सुरक्षा-चाचणी करणाऱ्या संस्थेचे, 1904 पासूनचे शिक्के होत, हे त्यांनी भिंग धरून दाखवले. बोल्टवरचा (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागावरचा) आणि रिसीव्हरवरचा (तो ज्यात बसतो त्या चौकटीवरचा) क्रमांक जुळला, म्हणजे दोन्ही भाग मूळच्या जोडीचे निघाले, तेव्हा मला खरोखर भरून आले. मात्र शिक्क्यांच्या कडा बोथट झालेल्या आणि स्क्रूच्या खाचा पसरलेल्या दिसताच, नळी कधीतरी घासून तिला नव्याने निळा मुलामा दिला आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. लाकडी दस्ता मूळचाच आहे, त्याला पॉलिश करू नका, असे त्यांनी बजावले. लेखी अहवालाला तीन आठवडे लागले, एवढीच तक्रार.