आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकसाठी ब्रशलेस मोटर घेताय? माझी फसवणूक कशी झाली ते आधी वाचा

ब्रशलेस मोटर म्हणजे फसवणाऱ्याला आयता मिळालेला माल. बाहेरून चकचकीत डबा, तीन वायरी आणि एक शाफ्ट. आत तांबं किती, चुंबक केवढं, ते कुठल्या दर्जाचं, यातलं काही दिसत नाही. दिसतं फक्त लेबल, आणि लेबल कुणीही छापू शकतं. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. दुसऱ्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझा ट्रक १/८ स्केलचा, बॅटरीसकट साडेचार किलोच्या आसपास. एवढ्या वजनाला ४एस लिपोवर (चार सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर) २००० ते २२०० केव्हीची ४२७४ मोटर हा बहुतेकांचा अनुभवाने ठरलेला हिशेब. ४२७४ म्हणजे व्यास ४२ मिमी, लांबी ७४ मिमी. केव्ही म्हणजे लोड नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. नव्याने या छंदात आलेल्यांना वाटतं की केव्ही जास्त म्हणजे मोटर दमदार. पण त्याच अँपिअरमध्ये कमी केव्हीची मोटर जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, म्हणून जड ट्रकला केव्ही कमी आणि व्होल्टेज जास्त ठेवायचं. हे सगळं बघूनच मी ‘४२७४, २२०० केव्ही, ४ पोल, ५ मिमी शाफ्ट’ असं लिहिलेली मोटर १२० अँपिअरच्या ईएससीसकट (मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरसकट) ऑनलाइन मागवली. तशीच आणखी एक मोटर राखीव म्हणून घेतली. त्या राखीव मोटरीमुळेच पुढे सगळं उघडकीला आलं.

पिनियन (मोटरीच्या शाफ्टवरचं दातेरी चाक) मुद्दाम लहान लावलं होतं, मेश (दात्यांची पकड) नीट होता, चाकं हाताने मोकळी फिरत होती. सपाट मैदानात थोडा वेळ चालवून मोटरीवर टेम्परेचर गन धरली तर आकडा शंभरच्या पुढे. ८० अंशांच्या वर गेलं की थांबावं, हा साधारण नियम. गाडी बंद केली, मोटर पूर्ण गार होऊ दिली आणि पुन्हा चालवली, तर ओढ आधीपेक्षा कमी आणि मोटर आधीपेक्षा लवकर गरम. थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास आला, वायंडिंग (तांब्याच्या तारेचं वेटोळं) शॉर्ट झालं आणि जाताना ईएससीही घेऊन गेलं.

मोटर दुसऱ्यांदा लवकर का तापली, हे समजून घेण्यासारखं आहे. साध्या दर्जाचं निओडायमियम चुंबक साधारण ८० अंशांपर्यंतच टिकतं. ‘एसएच’ दर्जाचं १५० पर्यंत जातं, आणि जाहिरातीत ‘हाय टेम्परेचर मॅग्नेट’ असंच लिहिलं होतं. अति उष्णतेने एकदा चुंबक उतरलं की गार झाल्यावर ते पूर्ववत होत नाही. चुंबक कमजोर झालं की केव्ही वाढते, टॉर्क घटतो, मोटर जास्त करंट ओढते आणि आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की मोटर जळेपर्यंत थांबत नाही.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर अगदी गोड आलं: व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग गिअर रेशो विचारला. मग वेगळ्या बाजूने आणखी एक व्हिडिओ. मग सोल्डरिंगचे फोटो. प्रत्येक उत्तर यायला दोन-चार दिवस, आणि शेवटचं उत्तर परत करण्याची मुदत संपल्यावर आलं: ‘तुमचं गिअरिंग चुकीचं आहे, वॉरंटी लागू नाही.’ ही टाळाटाळ ठरवून केलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी संकेतस्थळावर रिटर्नची रीतसर विनंती टाका, आणि विक्रेत्याशी गप्पा मारायच्या त्या नंतर.

मग राखीव मोटर काढली. तिला अजून बॅटरी लागलेली नव्हती, त्यामुळे चुंबक तापून उतरलं असेल ही सबब तिच्या बाबतीत चालणारच नव्हती. शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये पकडला, १५०० आरपीएमवर फिरवला आणि तीनपैकी कुठल्याही दोन वायरींमध्ये मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजलं. हिशेब सोपा आहे: आरपीएमला ०.९५ ने गुणायचं, मग आलेल्या व्होल्टेजच्या १.४१४ पटीने भागायचं. २२०० केव्हीच्या मोटरीला ०.४६ व्होल्टच्या आसपास यायला हवं होतं. मीटर ०.३० दाखवत होता. म्हणजे केव्ही ३३५० च्या घरात! ड्रिलचा वेग थोडा इकडेतिकडे धरला तरी एवढा फरक पडत नाही. पूर्ण चार्ज केलेली ४एस बॅटरी १६.८ व्होल्ट देते, म्हणजे जी मोटर ३७ हजार फेऱ्यांची समजून मी पिनियन निवडलं, ती ५६ हजारांची होती. साडेचार किलोच्या ट्रकला ती जुंपल्यावर दुसरं काय होणार?

पुढचे चार स्क्रू काढून रोटर (चुंबक असलेला फिरता भाग) बाहेर ओढला. कॅलिपरने बाहेरचा व्यास ४२ भरत होता, पण तो वरून चिकटवलेल्या पन्हळीदार अ‍ॅल्युमिनियमच्या नळीमुळे. आतला खरा डबा ३६ मिमीचा. स्टेटर (तांब्याची वेटोळी असलेला स्थिर भाग) डब्याच्या निम्म्याहून थोडा पुढे जाऊन संपत होता, त्यामागे नुसती पोकळी. रोटरवरचं चुंबक तेवढंच आखूड. थोडक्यात ३६५० ची मोटर लांब डब्यात बसवून, वर जॅकेट चढवून ४२७४ म्हणून विकलेली. जाडजूड ५ मिमीचा शाफ्ट मात्र खरा होता, कारण पिनियन बसवताना तो लगेच कळला असता.

हे न उघडताही ओळखता येतं, आणि त्याला साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. ३६५० मोटर २०० ग्रॅमच्या आसपास असते, खरी ४२७४ साधारण ३५० ग्रॅमच्या पुढे. तांबं आणि लोखंडी पत्र्या यांना वजन असतं, पोकळीला नसतं. या विक्रेत्याच्या जाहिरातीत वजन कुठेच दिलेलं नव्हतं.

खोक्यावरचे वॅटही तपासून बघा. माझ्या खोक्यावर ४२०० वॅट छापलं होतं. ४एसचं नाममात्र व्होल्टेज १४.८, म्हणजे तेवढ्या वॅटला २८० हून जास्त अँपिअर लागतील. सोबत दिलेला ईएससी १२० अँपिअरचा, तो सलग जेमतेम १८०० वॅट झेपवणार. एकाच खोक्यावरचे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतात.

रिव्ह्यूंबद्दलही सांगतो. त्या मोटरीला भरभरून तारे होते, पण जवळजवळ सगळे खोकं उघडल्याबरोबर दिलेले: ‘पॅकिंग छान’, ‘वेळेवर मिळाली’. गाडीत बसवून, चालवून, तापमान मोजून लिहिलेलं एकही नाही. मी आता ‘गरम’, ‘वास’, ‘जळली’ असे शब्द टाकून रिव्ह्यू शोधतो.

मोजमापांचे फोटो आणि उघडलेल्या मोटरीचा व्हिडिओ लावून मी संकेतस्थळाकडे तक्रार केली. राखीव मोटरीचे पैसे परत मिळाले. जळालेल्या मोटरीचे आणि ईएससीचे नाही, ‘वापरलेला माल’ म्हणून. तीच मोटर, तेच फोटो, आता वेगळ्या ब्रँडच्या नावाने विक्रीला आहेत. फोटोत पुढच्या झाकणाच्या कडेशी जॅकेट आणि डबा यांच्यातला गोल सांधा दिसतो. तो दिसला तर वायरी सोडून वजन किती आणि जॅकेटशिवाय डब्याचा व्यास किती, हे दोनच प्रश्न लेखी विचारा. मी नव्या नावाच्या त्या विक्रेत्याला विचारले, उत्तर आलेलं नाही.