जुनं ४००० आकाराचं स्पिनिंग रीळ: दुरुस्तीनंतर आठ महिने वापरून

गळाने मासे धरायचं हे रीळ जुनं आहे. पुढे ड्रॅग (मासा ओढू लागला की ताण ठेवत लाइन सोडणारा ब्रेक), ॲल्युमिनियमची बॉडी, ४००० आकार. ऑक्टोबरात पूर्ण उघडून दुरुस्त केलं आणि मेअखेरपर्यंत खाडीच्या तोंडावर आणि कातळावरून, आठवड्यातून साधारण दोनदा चालवलं. लाइन २० पौंडी ब्रेडेड (बारीक तंतू विणलेली), म्हणजे सुमारे ९ किलो ताण सोसणारी. गरवायला जाणाऱ्या बऱ्याच जणांकडे असं एखादं रीळ माळ्यावर पडलेलं असतं, म्हणून आठ महिन्यांत काय टिकलं आणि काय पुन्हा बिघडलं ते सविस्तर लिहितो.

आधीच्या तक्रारी तीन: हँडल खरखरत होतं, बेल (लाइन धरणारी तारेची कमान) अर्ध्यावर अडकत होती आणि मासा लागल्यावर रोटर (बेल घेऊन फिरणारा भाग) मधूनच उलटा फिरत होता. खरखर म्हटलं की सगळे गिअरला दोष देतात. आधी एक साधी तपासणी करा. लाइन तिच्या रोलरवरून (बेलच्या टोकाच्या चाकीवरून) काढा, स्पूल (लाइन गुंडाळायची फिरकी) उतरवा आणि हँडल सावकाश फिरवा. तरी खरखर राहिली तर दोष आतल्या बेअरिंगमध्ये किंवा गिअरमध्ये. रिकामं रीळ मऊ फिरतंय आणि ओढ आली की कुरकुरतंय, तर आधी लाइन रोलर बघा. या रिळात दोन्ही होतं, पण मोठा गुन्हेगार रोलरच निघाला. ओढीखाली तो फिरतच नव्हता, लाइन त्याच्यावरून नुसती घासत होती. लाइन पिळली जाण्याचं आणि तिचे तंतू उठण्याचं कारणही तेच.

उघडताना अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या आणि सुटा भाग निघेल त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो. विशेषतः पातळ वॉशर कुठल्या बाजूला किती होते याचा फोटो हवाच, कारण कागदासारखे दिसणारे हे वॉशर गिअरची बैठक ठरवतात. रोटरच्या नटावर एक छोटी पट्टी आणि तिचा स्क्रू असतो, तो आधी काढा. नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना ते पाहा. काही रिळांत ते उलटे असतात, काहींत सरळ.

बॉडीचे स्क्रू स्टीलचे आणि बॉडी ॲल्युमिनियमची. खारं पाणी मिळालं की दोन धातूंच्या सांध्यावर ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी साचून स्क्रू धरून बसतो. गंज सोडवणारा द्रव टाकून रात्रभर ठेवा. नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने वळवा. स्क्रूचं डोकं एकदा गुळगुळीत झालं की ड्रिलशिवाय मार्ग नाही. परत जोडताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना मरीन ग्रीसचा हलका हात द्या.

धुताना एक गोष्ट बहुतेकांकडून चुकते. मीठ पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये विरघळत नाही. त्यामुळे बेअरिंग थेट पेट्रोलमध्ये बुडवलं तर ग्रीस निघतं, पण मिठाचे कण आतच राहतात आणि पुन्हा तीच खरखर येते. क्रम असा ठेवा: ग्रीस सुटायला रॉकेल किंवा पेट्रोल, मग भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी ओल उडून जायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे सगळं मोकळ्या हवेत, आगीपासून लांब. वाळलेलं बेअरिंग पेन्सिलीवर सैल अडकवून बोटाने फिरवा. किंचितही दात अडकल्यासारखं वाटलं तर ते वाचवू नका, बदला. पिनियनचं (रोटर फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) बेअरिंग ७×१४×५ मिमीचं, म्हणजे ६८७ झेडझेड (झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण). मोठ्या गिअरच्या दोन्ही बाजूंना ८×१६×५, म्हणजे ६८८ झेडझेड. लाइन रोलरचं ४×७×२.५, म्हणजे एमआर७४ झेडझेड. हे आकडे या रिळाचे. तुमचं मोजायला व्हर्नियर वापरा आणि खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेसचंच मागा.

रोटर उलटा फिरायचा तो वन-वे क्लचमुळे (रोटरला एकाच दिशेने फिरू देणारा भाग). त्यात बारीक रोलर आणि त्यांना ढकलणाऱ्या इवल्याशा स्प्रिंग असतात. जाड ग्रीस शिरलं की स्प्रिंग रोलरला वेळेवर ढकलू शकत नाहीत आणि क्लच घसरतो. हा क्लच अख्खा बाहेर काढा. मधली गुळगुळीत बाही निसटली तर रोलर जमिनीवर विखुरतात, म्हणून बाहीच्याच जाडीची प्लॅस्टिकची नळी तिच्यामागून सरकवत ठेवायची. अल्कोहोलने धुऊन, वाळवून पातळ तेलाचा एकच थेंब. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ते लवकर धुऊन जातं, तेव्हा दर दोन महिन्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

आणि इथेच माझी चूक झाली. गिअरच्या पोटात ग्रीस सढळ हाताने भरलं होतं. दीड महिन्यात क्लच पुन्हा घसरू लागला. रीळ गाडीत उन्हात तापलं की ग्रीस पातळ होऊन पिनियनवरून वर चढतं आणि क्लचमध्ये पोचतं. दुसऱ्यांदा उघडून जास्तीचं पुसलं. आता फक्त दातांवर आणि वर्म शाफ्टवर (स्पूल पुढे-मागे हलवणाऱ्या खाचांच्या दांड्यावर), सगळं मिळून दोनेक ग्रॅम. दात झाकले जातील आणि रिकामी जागा रिकामी राहील, इतकंच. त्यानंतर मेपर्यंत एकदाही घसरला नाही.

बेल अडकायची ती स्प्रिंग थकल्यामुळे आणि तारेला किंचित बाक आल्यामुळे. स्प्रिंग बदलली, तार सपाट काचेवर ठेवून सरळ केली, खिळीच्या जागी तेलाचा थेंब दिला. आठ महिन्यांत ती तक्रार परत आली नाही. फेकल्यावर बेल हातानेच मिटायची सवय ठेवा. हँडलने मिटली की आतल्या लिव्हरवर दर वेळी ठोका बसतो आणि सैल लाइनचा फास स्पुलावर गुंडाळला जातो, तो पुढच्या फेकीला गाठ बनून बाहेर येतो.

ड्रॅगवर सर्वांत समाधानी आहे. जुने फेल्टचे वॉशर दबून कडक झाले होते. लाइन सुटायला लागताना आधी अडकायची, मग झटक्याने सुटायची, आणि जिताडा पहिली धाव मारतो तेव्हा नेमका हाच झटका लाइन तोडतो. त्या जागी कार्बनचे वॉशर कापून बसवले. क्रम बदलू नका: कान असलेला धातूचा वॉशर स्पुलाबरोबर फिरतो आणि मधल्या भोकाला सपाट कडा असलेला शाफ्टबरोबर थांबतो. दोन शेजारी एकाच प्रकारचे आले तर ड्रॅग नीट पकडत नाही. ड्रॅगसाठीचंच ग्रीस बोटाने चोळून पुसून टाका, चकाकी राहिली तेवढं पुरे. सेटिंग ताणकाट्यावर करा. लाइनच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्के, म्हणजे ९ किलोच्या लाइनला सव्वादोन ते पावणेतीन किलो. हाताने ओढून घेतलेला अंदाज बहुधा चुकतो.

नव्याने लाइन भरल्यावर ती स्पुलावर पुढे जास्त आणि मागे कमी बसत होती. स्पुलाखाली शाफ्टवर एक पातळ वॉशर वाढवला, म्हणजे स्पूल वर आलं आणि लाइन मागे सरकली. उलट असेल, मागे ढीग होत असेल, तर वॉशर काढा. ब्रेडेड लाइनखाली आठ-दहा वेढे मोनोचे (एकाच तंतूच्या नायलॉन लाइनचे) द्या, नाहीतर अख्खी गुंडाळी स्पुलावर गोल फिरते. आणि काठापर्यंत भरू नका, दोन मिमी सोडा.

आता नापास भाग. लाइन रोलरचं नवं स्टेनलेस बेअरिंग फेब्रुवारीतच कुरकुरायला लागलं. दर वेळी खाऱ्या पाण्यात भिजलेली लाइन थेट जिच्यावरून जाते, अशी ही रिळातली बेअरिंगची एकमेव जागा, आणि झेडझेडची पत्र्याची झाकणं पाणी अडवत नाहीत. त्या जागी नायलॉनची बुश (गोळ्या नसलेली साधी कडी) घातली. फिरायला बेअरिंगइतकी हलकी नाही, पण मेपर्यंत तिला काही झालं नाही. खाडीत वापरणाऱ्याने सरळ बुशच घालावी, असं माझं स्पष्ट मत. हँडलमध्ये एप्रिलपासून किंचित खुळखुळ आली होती. मोठ्या गिअरशेजारी ०.१ मिमीचा एक वॉशर घातल्यावर गेली. दोन घातले तर हँडल जड झालं, म्हणून एकावरच थांबलो.

वापरून आल्यावर ड्रॅग घट्ट करा, नळाची बारीक धार वरून सोडा. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. फडक्याने टिपा, सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करा म्हणजे वॉशर दबून राहणार नाहीत.

पिनियनचे दात एका बाजूला धारदार झाले असतील, वर्म शाफ्टच्या खाचा रुंदावल्या असतील किंवा रॉडवर बसणाऱ्या पायाला चीर असेल, तर रिळावर पैसे घालू नका. बाकी सगळं दुरुस्त होतं.

सध्या रीळ पावसाळ्यासाठी बंद आहे: लाइन उतरवून गोड्या पाण्यात भिजवून वाळवली, रोलरला आणि बेलच्या खिळीला तेल, ड्रॅग सैल. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं नाही, कारण कोकणातल्या जुलैत पिशवीच्या आतही घाम सुटतो. सुती पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात क्लचला पुन्हा एक थेंब द्यायचा.